बदलीचा अर्ज मी भरत नाहीये, मनू

प्रिय मनू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, आईनेही ऐकला, आणि बिकानेरहून बदली मागायला तू पाठवलेला बँकेचा रिक्वेस्ट ट्रान्सफरचा फॉर्मपण उघडून पाहिला. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, "बाबा वय बघा, बीपी बघा" इथूनच तुझी गाडी सुटते, म्हणून टाइप करून पाठवतोय. निवांत वाच. फॉर्म मी भरत नाहीये. निदान यंदा तरी नाही. आईला विचार, तिचंही हेच म्हणणं आहे, आणि खरं सांगू का, तिचं माझ्यापेक्षा जास्त आहे.

तू फोनवर बिकानेरचं टेंपरेचर बघतेस आणि ४७ दिसलं की घाबरून फोन करतेस. अगं आपण नागपूरची माणसं, ४५-४६ आपल्याला काय नवीन आहे? नवतपा आपल्याकडेही असतो, तोंडाला दुपट्टा बांधून आपणही फिरतो, खिशात कांदा ठेवणारी तुझी आजी तुला आठवत असेल. मी तर इथे येताना जरा ऐटीतच होतो, की ऊन मला कोण शिकवणार. पण इथे आल्यावर कळलं की आकडा तोच असला तरी प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे कितीही तापलं तरी मृग लागला की माणूस आभाळाकडे बघायला लागतो आणि जूनच्या मध्यावर सुटतो. इथे जून संपेपर्यंत आभाळ कोरडं ठक्क, पाऊस येतो जुलैत आणि तोही वर्षभराचा मिळून पंचवीस-तीस सेंटिमीटर, म्हणजे नागपूरच्या पावसाचा फार तर चौथा हिस्सा. म्हणजे ऊन किती कडक ते महत्त्वाचं नाही, ते किती लांब चालतं ते महत्त्वाचं. एप्रिल ते सप्टेंबर. त्यामुळे इथले लोक ऊन संपायची वाट बघतच नाहीत, दिवसाची मांडणीच त्यांनी उन्हाप्रमाणे करून ठेवलीये. हे एकदा डोक्यात शिरलं की राहणं सोपं होतं, आणि मला तुला तेच सांगायचंय.

आम्ही आलो तेव्हा नहरबंदी चालू होती. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. म्हणजे काय की या शहराचं पिण्याचं पाणी येतं पंजाबातून, हरिकेला सतलज आणि बियास मिळतात तिथल्या बंधाऱ्यावरून इंदिरा गांधी कालवा निघतो, आणि तो दरवर्षी मार्चच्या शेवटापासून मेपर्यंत कधीतरी दुरुस्तीसाठी बंद करतात. बरोबर, ऐन उन्हाळ्यात! मी घरमालकांना म्हटलं हे काय, दुसरा महिना नाही का मिळत. ते हसले, म्हणाले साहब, ये तो हर साल का है. मग शहरात जे साठवलेलं पाणी असतं ते एक दिवसाआड सोडतात. आईने पहिल्याच आठवड्यात भांड्यांचा सगळा हिशोब बसवला, भाज्या धुतलेलं पाणी कूलरला, कूलरचं उरलेलं झाडाला. इथल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात जमिनीखाली टाकी आहे, तिला कुंड म्हणतात, पूर्वी गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरवायचे, अजूनही काही घरात उतरवतात. घर बघायला गेले की लोक किचन बघत नाहीत, आधी विचारतात कुंड केवढं आहे. मीही आता तेच विचारतो.

घर आम्ही तळमजल्याचं घेतलं ते नशीबच म्हणायचं, कारण एजंट वरचा मजला दाखवत होता, हवा छान येते म्हणे. हवा येते ना, भट्टीची येते. वरच्या मजल्यावर गच्ची तापते आणि रात्री अकरापर्यंत छत ऊब सोडत राहतं, आणि पश्चिमेकडची भिंत असेल तर मग विचारूच नको. टाकी गच्चीवर असली की दुपारी नळाला हात लावता येत नाही. आम्ही आंघोळ पहाटे उरकतो आणि दिवसाचं पाणी पहाटेच बादल्यांत भरून सावलीत ठेवतो.

कूलर मात्र इथे असा चालतो की नागपूर विसर. मी इथे आल्या आल्या वाळ्याच्या ताट्या शोधल्या, मिळाल्या. हवा इतकी कोरडी आहे की ताटीतलं पाणी झपाझप उडतं आणि त्याच्याबरोबर हवेतली उष्णता जाते, खोलीत अक्षरशः चादर लागते. शेजारी एसी लावतात आणि बिलाला रडतात, मी कूलरपुढे पेपर वाचतो. आता पहिला पाऊस झाल्यापासून मात्र तोच कूलर निकामी, हवेत आधीच दमटपणा, त्यामुळे नुसता चिकचिकाट, तेव्हा तुझ्या समाधानासाठी सांगतो, बेडरूममध्ये एक एसी बसवून घेतलाय.

तब्येतीचं. लपवत नाही, मेमध्ये एकदा माझा घोळणा फुटला, बँकेतच, शर्टावर रक्त बघून आमची ती नवी क्लार्क पोरगी घाबरून गेली. कोरड्या हवेने नाकाची आतली त्वचा तडकते, एवढंच. डॉक्टरांनी बीपी तपासलं, गोळी बघितली, नाकात लावायला मलम दिलं. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली की इथे नव्या माणसाला घाम येतोय हे कळतच नाही, आला की लगेच उडतो, शर्टावर फक्त पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसतात, म्हणून त्याला वाटतं आपल्याला काही होत नाहीये आणि तो पाणी पीत नाही. तहान लागायच्या आधी प्यायचं. आता माझ्या टेबलवर पाण्याची बाटली असते आणि आई डब्याबरोबर मीठ-जिरं घातलेलं ताक देते, इथलं ताक तसंही छान असतं, बाजरीचं पीठ ताकात शिजवून राबडी करतात ती तर मला आपल्या आंबिलीपेक्षा जास्त आवडायला लागलीये (आजीला सांगू नको).

बँकेचा दिवस मजेशीर आहे. दहाला शटर उघडायच्या आधी खेड्यातले लोक येऊन उभे, कारण त्यांना अकरापर्यंत परत निघायचं असतं. बाजरी, भुईमूग, ग्वार, मोठ (आपली मटकी) यांचे शेतकरी, केसीसी म्हणजे किसान क्रेडिट कार्ड रिन्यू करायला येतात, आणि कालव्याचे शेतकरी असतील तर बोलता बोलता मध्येच घड्याळ बघतात, आज रात को बारी है साहब. म्हणजे त्यांची पाण्याची पाळी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी, रात्री दोनला आली तर रात्री दोनला, चुकली की गेली. मग साडेबारा ते चार ब्रँचमध्ये कामाची माणसं कमी आणि एसीला आलेली जास्त. पासबुक हातात धरून बसलेले आजोबा मी लगेच ओळखतो, पासबुक पार भरलेलं असतं, तरी एंट्री करायची आहे म्हणतात. मी गार्डला सांगून ठेवलंय, कोणाला उठवायचं नाही, पाणी विचारायचं. बाहेर त्या वेळी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गाईबैल मात्र दिसतात, या शहरात मोकाट बैल इतके आहेत की विचारू नको, बंद दुकानांच्या सावलीत ओळीने बसलेले असतात.

आणि मग संध्याकाळी सहानंतर सगळं शहर बाहेर. लहान पोरं नऊला खेळायला निघतात, साड्यांची दुकानं दहा-साडेदहाला भरलेली, लोक रात्री अकराला रसगुल्ले खाताहेत. आपल्याकडे दहाला लाइट बंद करणारी तुझी आई आता रात्री साडेदहाला शेजारणींबरोबर भाजी आणायला जाते. मी म्हटलं ना तुला, तिचं माझ्यापेक्षा जास्त आहे.

आखातीजचं तर सांगायचंच राहिलं. आपली अक्षय तृतीया. आपण संक्रांतीला पतंग उडवतो तर हे लोक अक्षय तृतीयेला उडवतात, ऐन कडाक्यात, कारण राव बिकाने हे शहर १४८८ मध्ये वसवलं ते आदल्या दिवशी, आखाबीजला, म्हणून दोन्ही दिवस गच्चीवर. ४३-४४ डिग्री, गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही, आणि सत्तरीची माणसं डोक्याला ओला गमछा गुंडाळून सकाळपासून मांजा धरून उभी, पतंग कापला की "बोई काट्या" करून सगळी गल्ली ओरडते. मला वाटलं हे वेडे आहेत. मग घरमालकांच्या सुनेने ताटं आणली, बाजरीचा खिचडा, त्यावर इतकं तूप, आणि सोबत इमलाणी. इमलाणी म्हणजे चिंचेचं सरबत, थोडा गूळ, जिरं. आईने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं, कारण आजी अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर चिंचवणी वाढायची ती हीच, कुठे विदर्भ आणि कुठे बिकानेर, त्याच दिवशी तीच चिंच. उन्हाला चिंचगुळाचं पाणी चांगलं हे दोन्हीकडच्या बायकांना कोणी न सांगता कळलेलं दिसतं. त्यानंतर आई तिथेच बसली गच्चीवर, छत्री घेऊन, संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही.

खाण्यापिण्याचं म्हणशील तर हिरवी भाजी उन्हाळ्यात कमी आणि महाग, म्हणून वाळवलेल्या भाज्यांवर सगळी मदार. केर, सांगरी, काचरी. सांगरी ही खेजडीच्या झाडाची शेंग, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. आपण वर्षातून एकदा पानं बघतो, इथे ते झाड सावली देतं, शेळ्या-उंटांना पाला देतं, भाजी देतं आणि पाऊस नसला तरी हिरवं असतं. भुजिया तर तुला ठाऊकच आहे, पण ती मोठाच्या म्हणजे मटकीच्या पिठाची असते हे मला इथे येऊन कळलं, ज्या मटकीला आपण मोड आणून उसळ करतो तीच. आईने इथे मटकीची उसळ करून शेजारी दिली तर त्यांनी मोड आलेले बघून आधी विचारलं खराब तो नहीं हुआ, मग आणखी एक वाटी मागायला आले. उंटाच्या दुधाची कॉफीही प्यायलो, उंट संशोधन केंद्रात, शहराच्या बाहेर जोडबीडला. दूध जरा खारट लागतं. आईला नाही आवडली, मला चालली.

आंधीबद्दल तू बातम्यांत बघितलंस ते खरं आहे, तेवढं मात्र मी कमी करून सांगणार नाही. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडचं आभाळ आधी पिवळं होतं, मग तपकिरी, वारा एकदम थांबतो, आणि शेजारच्या काकू "आंधी, आंधी" करून ओरडत कपडे ओढायला धावतात. पाच मिनिटांत समोरचं घर दिसत नाही. दारं-खिडक्या लावल्या, फटीत ओले टॉवेल खुपसले, तरी नंतर ताटलीत, उशीवर, मिक्सरच्या भांड्यात, माझ्या चष्म्याच्या केसमध्येसुद्धा वाळू. पिठासारखी बारीक असते ती. ओलं पोतं लगेच फिरवलं की चिखल होतो, आधी कोरडं झाडायचं, मग दुसऱ्यांदा झाडायचं, मग पोतं, हे आईला काकूंनी शिकवलं. पण आंधीनंतर तासाभरात पारा असा घसरतो की सगळे झाडू बाजूला ठेवून बाहेर येऊन बसतात.

सगळंच गोड आहे असं नाही. नव्या कॉलनीतली घरं मला अजिबात आवडत नाहीत, रुंद रस्ते, एक झाड नाही, आणि समोर मोठमोठ्या काचा, ४७ डिग्रीच्या गावात काचा कोण लावतं? जुन्या शहरात, कोटगेटच्या आत, गल्ल्या इतक्या अरुंद आणि हवेल्या इतक्या उंच की रस्त्यावर दिवसभर सावली, भिंती जाड, झरोक्यांना दगडाची जाळी, त्यातून हवा येते आणि ऊन अडतं. जुन्या लोकांना जे कळत होतं ते आजच्या बिल्डरला कळत नाही. दुसरं म्हणजे सोलर. जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे पॅनल, ज्या उन्हाला लोक शिव्या देतात तेच आता विकलं जातंय, चांगलंच आहे, पण त्यासाठी खेजड्या तोडतात आणि त्यावरून इथे लोक चिडलेले आहेत. बिष्णोई समाजाचं मुख्य तीर्थ मुकाम याच जिल्ह्यात, नोख्याजवळ. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीला याच झाडांसाठी ३६३ बिष्णोई माणसांनी जीव दिला. त्यामुळे इथल्या माणसापुढे "झाडच तर आहे" असं म्हणायची सोय नाही. माझे काही खातेदार जमीन लीजवर देऊन बसलेत, त्यांचं घर त्या पैशावर चाललंय, म्हणून मी दोन्ही बाजूंचं ऐकतो आणि गप्प बसतो.

तिसरं, कोटगेटचं रेल्वे फाटक. ऐन बाजारात, शहराच्या पोटात फाटक आहे आणि दिवसातून किती वेळा बंद होतं त्याचा पत्ता नाही. मे महिन्यात दुपारी त्या फाटकात स्कूटरवर अडकणं ही माझ्या दृष्टीने या शहरातली एकमेव शिक्षा आहे, ऊन वरून, इंजिनाची धग खालून, आणि पुढचा रिक्षावाला निवांत बिडी ओढतोय.

मोहता चौकात मला आमचे कॅशिअर घेऊन गेले होते. तिथे चौकाचौकात लाकडी पाटे ठेवलेत, पलंगापेक्षा मोठे, पिढ्यानपिढ्यांचे, आणि रात्री जेवणं झाली की पुरुष मंडळी त्यावर येऊन बसतात, एक-दीडपर्यंत. राजकारण, लग्नं जुळवणं, पावसाचे अंदाज, कोणाचं काय चुकलं, सगळं. मी नवीन, मराठी, हिंदी माझी नागपुरी, तरी मला सरकून जागा दिली आणि पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नाही, जातीचाही नाही, विचारलं गर्मी कैसी लग रही है. मी म्हटलं फलोदीपेक्षा बरी. सगळे खूश. (फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ डिग्री झालं होतं, देशातला रेकॉर्ड, आणि बिकानेरवाल्यांना तो आपल्याकडे नाही याचं थोडं वाईटच वाटतं असा माझा संशय आहे.) नागपुरात आपल्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं गं. रिटायर झाल्यावर मी काय करणार म्हणून तुला काळजी असते ना, मला इथे संध्याकाळी कुठे जाऊ हा प्रश्नच पडत नाही.

जुनागढ किल्ला बघितला, राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ मध्ये बांधलेला, डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर. आत एक बादल महाल आहे, सगळ्या भिंतींवर निळे ढग रंगवलेत, त्यात विजा आणि खाली पावसाच्या रेघा. गाईड सांगतो की दुष्काळात वाढणाऱ्या राजकुमारांना पाऊस म्हणजे काय ते कळावं म्हणून. खरं-खोटं त्याला ठाऊक, पण बाहेर पंचेचाळीस आणि आत चारी बाजूंनी ढग, आई बराच वेळ तिथून हललीच नाही. आणि गंमत बघ, मागच्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, अर्धा-पाऊण तास फक्त, तर त्याच किल्ल्यासमोर गुडघाभर पाणी, गाड्या बंद, आणि लोक चिडायचे सोडून त्या पाण्यात व्हिडिओ काढताहेत. आमची ब्रँच अर्धी रिकामी झाली, स्टाफसकट सगळे रस्त्यावर भिजायला. मी मॅनेजर म्हणून आत थांबलो. थोडा वेळ.

तर आता तुझं. दिवाळीला तू ये, तेव्हा दिवसा तीसच्या आसपास असतं आणि रात्री अंगावर घ्यायला लागतं. वाळू दिवसाची उष्णता रात्री पटकन सोडते आणि हवेत ओलावा नसल्याने ती अडत नाही, म्हणून स्वेटर आण, "वाळवंटात कशाला स्वेटर" करू नकोस, जानेवारीत तर पारा शून्याजवळ जातो म्हणतात. मुंबईहून रणकपूर एक्सप्रेस आहे, जोधपूरवरून येते, स्लीपर नको, थर्ड एसीच काढ, खिडकीतून वाळू येते. आली की एक दिवस नागौरला जाऊ, दोन-अडीच तासांवर आहे, तिथे जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे, १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात त्यांचा दगा देऊन खून झाला ते. वेढा उन्हाळ्यातही चालू होता. ती फौज त्या उन्हात, तंबूत, कुठलं पाणी पीत असेल याचा विचार मी शाळेत इतिहासात कधी केला नव्हता, आता करतो.

येताना ज्वारीचं पीठ आण, इथे बाजरी पोत्याने मिळते पण चांगली ज्वारी नाही. आईला सावजी मसाला हवाय, तो मावशीकडून नागपूरहून पुण्याला मागवून ठेव. बाकरवडी आणू नकोस, भुजियाच्या गावात कोणी खाणार नाही, घरमालकांसाठी आंबा बर्फी आण. तिकीट काढलंस की पीएनआर पाठव. स्टेशनवर घ्यायला मी येतोच आहे, पण दिसलो नाही तर फोन करून ओरडू नकोस, फाटकात अडकलो असेन, पाणपोईजवळ सावलीत थांब.

बाबा